साडू, बदक आणि बाईंचे गुण

पिंटूरावांना ग्रुपमध्ये मीच घेतलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी 'तुमची काय चूक हो त्यात?' असं म्हणायच्या फंदात पडायला नको. चूक माझीच आहे. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताना निदान धोंडा जरा हलका बघावा, एवढंही मला त्या दिवशी सुचलं नाही.

पिंटूराव म्हणजे माझे साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. नळांच्या दुकानात विक्रीला असतात. दिवसभर नळ उघडून आणि बंद करून दाखवायचा, आणि दाखवताना बोलायचं. नळ बंद होतो, पिंटूराव बंद होत नाहीत.

माझं काम बरोबर उलटं. मी बँकेत लॉकर विभागात आहे, तळघरात. गिऱ्हाईक येतं, सही करतं, मी माझी किल्ली फिरवतो, ते त्यांची फिरवतात आणि मग मी तोंड फिरवून बाहेर जातो. दिवसभर माझ्याकडे लोक येतात ते काहीतरी लपवायला. सांगायला कोणी येत नाही. घरी मी सांगायला जावं तर बायको 'हं' म्हणते. तिच्या 'हं'मध्ये फार अर्थ असतो, पण तो माझ्या बोलण्याशी संबंधित नसतो.

म्हणून मला 'पायपीट' हा ग्रुप जिवाभावाचा. आम्ही दहाबारा जण, सगळे वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना कधी डोळ्यांनी न पाहिलेले. नियम साधा. शनिवारी संध्याकाळी 'उद्याचा बेत' लिहायचा आणि रविवारी संध्याकाळी 'झालं काय' ते लिहायचं. बेत कितीही छोटा चालतो. एक गच्चीवाले काका आहेत, त्यांचे गुडघे गेलेत, ते दर रविवारी स्वतःच्या गच्चीवर जातात आणि दर रविवारी तिथं काहीतरी वेगळं घडतं. एक गुरांचे डॉक्टर आहेत. आणि बाई आहेत. बाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी आयुष्यभर पेपर तपासले, आता त्या आमचे रविवार तपासतात. प्रत्येकाच्या 'झालं काय'ला दहापैकी गुण, आणि खाली एक ओळ शेरा. दहा त्यांनी तोवर कोणालाच दिलेले नव्हते. दहा दिले की माणूस सुधारायचा थांबतो, असं त्यांचं मत.

मला नेहमी सात असायचे. एका रविवारी मला आठ मिळाले. शेरा होता, 'निरीक्षण चांगले, अक्षर कळले नाही म्हणून कापण्याचा प्रश्न नाही.' नेमकं त्याच रात्री आमच्याकडे सगळे जेवायला जमले होते. मी फोनकडे बघून हसत होतो, ते पिंटूरावांनी पाहिलं.

"दादा, एकटेच काय हसताय? आम्हालाही सांगा की."

माझी मान ताठ झाली. घरातल्या एका तरी माणसानं माझी बाहेरची किंमत बघावी, एवढाच माझा उद्देश होता. मी त्यांना ग्रुपमध्ये घेतलं. मनात म्हटलं, बघू देत आठ म्हणजे काय असतात ते.

पुढच्या रविवारी मी पहाटे उठून गावाबाहेरच्या टेकडीला वळसा घालून आलो. पायाला फोड आले, एक कुत्रं मागे लागलं, धुक्यातून सूर्य वर येताना पाहिला, सगळं नीट लिहिलं. सात गुण. शेरा, 'नेहमीप्रमाणे.'

पिंटूराव घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. चौकापर्यंत. पट्टा मिळाला नाही म्हणून परत आले. एवढंच. पण त्यांनी ते असं लिहिलं, की घड्याळवाला, त्याचा बहिरा भागीदार, पट्टा शोधताना सापडलेला त्याचा हरवलेला दात, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. गच्चीवाले काका म्हणाले, हसून हसून जिना उतरता येत नाहीये. डॉक्टर म्हणाले, गोठ्यात मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि बाई म्हणाल्या, 'नऊ. पुढच्या रविवारची वाट बघते.'

माझी वाट त्यांनी कधी बघितली नव्हती.

मला हेवा वाटला. उगाच कशाला आडपडदा ठेवा? मत्सर, असूया हे शब्द मोठ्या माणसांचे, त्यांच्या मोठ्या भानगडींसाठी असतात. माझ्या पोटात साधं, घरगुती दुखत होतं. ते दर रविवारी वाढत गेलं. पिंटूराव उशीचा अभ्रा बदलून आणायला गेले, आठ. दाढी करायला गेले, नऊ. त्यांच्या दुकानात एक जोडपं नळ घ्यायला आलं आणि नळावरून भांडता भांडता त्यांचं जुनं भांडण मिटलं, साडेनऊ! अर्धा गुण देता येतो हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. ग्रुपवर लोक मला विचारायला लागले, "तुमचे साडू घरी पण असेच बोलतात का हो?" माझ्या ग्रुपमध्ये माझी ओळख म्हणजे पिंटूरावांचे साडू!

अशातच बाईंनी जाहीर केलं, की आता सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं. ग्रुपमधले दोघं जिथं आहेत असं गाव आमचंच, तेव्हा सगळे आमच्याकडे येणार. पुढे त्यांनी लिहिलं, 'उतरायचं कोणाकडे, हे मी येता रविवार सोडून पुढच्या रविवारी संध्याकाळी सांगते. मग तिकिटं काढू.'

कोणाकडे म्हणजे? मी तो प्रश्न तीनतीनदा वाचला. इतकी वर्षं जपलेली ही माणसं माझ्या दारावरून पुढे जाणार आणि पिंटूरावांची घंटा वाजवणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "पोट बिघडलंय का?" मी म्हटलं, "हं." तेवढाच सूड.

त्याच शनिवारी मी बेत लिहिला. आमच्या गावात एक तलाव आहे, तलावात एक छोटंसं बेट आहे, बेटावर एक मोडकी दगडी छत्री आणि चार झाडं. तिथं वर्षानुवर्षं कोणी गेलेलं नाही. काठावर बसून सगळे बेटाकडे बघतात आणि शेंगा खाऊन घरी जातात. मी लिहिलं, 'पुढच्या रविवारी मी होडीनं बेटावर जाणार आणि तिथं स्वतः चहा करून पिणार.' एक आठवडा आधी बेत लिहिण्याची ग्रुपमधली ही पहिलीच वेळ. बाईंनी लगेच लिहिलं, 'वा! वाट बघते.'

झालं! आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मला होडी चालवता येत नाही, ही बाब मी त्या वेळी किरकोळ समजलो होतो.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण बायकोनं ती जिन्यात सांगितली. वरच्या मजल्यावर कर्नल राहतात. ते कर्नल नाहीत, सैन्याच्या भांडारात हिशेबनीस होते, पण मिशी कर्नलची आहे. ते खाली आले आणि आमच्या दिवाणखान्यात मला सतरंजीवर बसवून त्यांनी दोन लाटण्यांनी वल्ही मारायला शिकवली. "खांद्यातून! मनगटातून नाही, खांद्यातून!" माझा धक्का लागून फुलदाणी गेली. कर्नल म्हणाले, "पाण्यात फुलदाण्या नसतात." हा दिलासा होता का, ते मला अजून कळलेलं नाही.

खालच्या मजल्यावरचे विमावाले भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फक्त एवढंच विचारलं, "वहिनींना कागदपत्रं कुठे ठेवलीत ते माहीत आहे ना?" समोरच्या काकूंनी नातवाची पोहायची रबरी ट्यूब आणून दिली. तिच्यावर हसणारा पाणघोडा होता. मी म्हटलं, काकू, ही माझ्या कमरेत जाणार नाही. त्या म्हणाल्या, "गळ्यात घाला की, डोकं तर वर राहील."

बायको हे सगळं बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "अहो, बेटावर चहा प्यायला निघालाय की तिथं राज्य करायला?"

"तू नाही समजणार," मी म्हटलं.

"समजतंय सगळं. पिंटूरावांना साडेनऊ मिळाल्यापासून तुम्ही ताटातली भाजीसुद्धा रागानं ढवळताय."

बायकोला इतकं समजतं हे मला ठाऊक नव्हतं. मी विषय बदलला.

तलाव उद्यान विभागाकडे. म्हणून मी दुपारच्या सुट्टीत उद्यान विभागात गेलो. तिथल्या बाबूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "ओळखलंत?"

मी ओळखलं नव्हतं. मग ओळखलं. आमचे लॉकरचे गिऱ्हाईक. मागच्याच महिन्यात सही जुळत नाही म्हणून मी त्यांना परत पाठवलं होतं. त्यांचा हात मोडला होता, प्लास्टर होतं, ते मलाही दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम, आणि नियमाच्या बाबतीत मी फार कडक आहे. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

"बेट आमचं," बाबू म्हणाले. "पण पाणी आमचं नाही. पाणी पाणीपुरवठ्याचं. त्यांची परवानगी आणा."

पाणीपुरवठ्यात गेलो. ते म्हणाले, पाणी आमचंच, पण ते पिण्याचं नाही. न पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा विभाग आहे, तो सध्या बंद आहे, तरी होडी वरच्यावर जाणार असेल तर आमची हरकत नाही. मी विचारलं, होडी खालून कशी जाईल? ते म्हणाले, साहेब, आम्ही सगळं पाहिलंय.

परत उद्यान विभागात. बाबूंनी तो कागद बाजूला ठेवला. "आता चहाचं काय?"

"चहाचं काय?"

"स्टोव्ह पेटवणार ना? मग अग्निशमन."

अग्निशमनवाले म्हणाले, चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी आग लागण्याची भीती आहे असं आम्ही कोणत्या तोंडानं लिहून द्यायचं? आणि भीती नाही असं लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. मी पुन्हा बाबूंसमोर. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, उजेडात धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "ही सही आणि ही सही, जुळत नाहीये हो."

मी घरी आलो आणि पंख्याखाली पडून राहिलो. शुक्रवार उजाडला होता. ग्रुपवर सगळे विचारत होते, 'तयारी कुठवर?' गच्चीवाल्या काकांनी तर त्या दिवशी गच्चीवर एका बादलीत कागदाची होडी सोडून मला शुभेच्छा दिल्या होत्या. अशा माणसांना काय तोंड दाखवायचं? ज्यांनी माझं तोंड पाहिलेलंच नाही त्यांना तोंड दाखवायची एवढी चिंता मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होतो.

संध्याकाळी फोन आला. पिंटूराव.

"दादा, परवानगी अडल्याचं मला ताईंकडून कळलं. उद्यान विभागाचे मोठे साहेब आपल्याच माणसासारखे आहेत. त्यांच्या बंगल्यातले सगळे नळ मीच बसवून दिलेत. आत्ता बोललो. परवानगी झाली. होडीपण देतायत, शेवाळ काढायची असते ना, ती. रखवालदाराला सांगून ठेवलंय."

ताई म्हणजे माझी बायको. माझी अडचण तिनं बहिणीकडे पोचवली होती.

जिथं मी आठवडाभर चपला झिजवल्या तिथं या माणसाचा एक फोन पुरला. मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. "उपकार झाले," मी म्हटलं. ते मी ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात लोक 'चालते व्हा' म्हणतात.

"उपकार कसले दादा! आम्हीपण येऊ ना? साहेबांना सांगितलंय, चौघं आहोत."

आता नाही कसं म्हणणार? मी फक्त एक अट घातली. "हे बघा पिंटूराव, रविवारचं काहीही ग्रुपवर तुम्ही लिहायचं नाही. माझा बेत आहे, मी लिहिणार."

"अर्थात! तुमचाच दिवस आहे दादा."

इतक्या चटकन कबूल झाले, की माझा रागसुद्धा वाया गेला.

रविवारी सकाळी आम्ही चौघं तलावावर. मी, बायको, मेहुणी आणि पिंटूराव. सामानात स्टोव्ह, किटली, कप, चार घडीच्या खुर्च्या आणि पाणघोडा. होडी बघून मेहुणीनं नाक दाबलं. शेवाळाची होडी असल्यानं तिचा रंग कुठला आणि शेवाळ कुठलं ते सांगता येत नव्हतं. रखवालदार म्हणाला, वल्हवायला मी येऊ का? पिंटूराव म्हणाले, मी घेऊ का? मी दोघांनाही हातानं थांबवलं आणि खांद्यातून, मनगटातून नव्हे, पहिलं वल्हं मारलं.

होडी गोल फिरली. दुसरं मारलं, उलटी गोल फिरली. काठावर फिरायला आलेले लोक थांबले. एकानं लेकराला उचलून खांद्यावर घेतलं, चांगलं दिसावं म्हणून. बायको म्हणाली, "अहो, आपण परत तिथंच आलो, हा तोच माणूस." मी घामाघूम झालो, पण वल्हं सोडलं नाही. मधूनमधून पिंटूराव पुटपुटायचे, "काय दृश्य आहे!" आणि मी गुरकावायचो, "लिहायचं नाही!" "छे छे, नुसतं म्हणतोय," ते म्हणायचे.

अखेर वाऱ्यालाच आमची दया आली आणि त्यानं होडी बेटाला नेऊन लावली. मी उठून उभा राहिलो. हा क्षण मी आठवडाभर मनात घोळवला होता. एक पाय होडीत, एक पाय बेटावर, हातात फोन, मागे ती मोडकी छत्री. मी पाय ठेवला. फोन वर केला. हसलो.

होडी मागे सरकली.

माणसाचे पाय किती लांबपर्यंत फाकू शकतात यावर बँकेत कधी चर्चा होत नाही. मला ते त्या दिवशी कळलं. बायको ओरडली, "अहो, कुठला तरी एक पाय उचला!" पण कुठला? मी निर्णय घेईपर्यंत निर्णय झाला होता. मी पाण्यात पडलो. पाणी कमरेएवढंच, पण खाली चिखल असा, की मी उभा राहायला गेलो की तो मला बसवायचा. फोन गेला. हाताला काहीतरी दोरीसारखं लागलं, ते मी जीव खाऊन ओढलं. दोरी एकदम तटकन तुटली, मी परत आपटलो आणि समोरच्या गवतातून भयंकर ओरडत एक बदक बाहेर आलं, त्यानं माझ्या डोक्यावर पंख आपटले आणि ते उडून गेलं. ती दोरी म्हणजे कोणाच्या तरी मासे धरायच्या गळाचा धागा होता आणि दुसऱ्या टोकाला बदकाचा पाय अडकलेला होता. हे मला कसं माहीत असणार? मी ओढत होतो ते मला वर यायचं होतं म्हणून.

पिंटूरावांनी होडी परत बेटाला लावली आणि हात देऊन मला वर घेतलं. स्वतःचा कोरडा शर्ट काढून मला दिला आणि बनियनवर बसून स्टोव्ह पेटवला. चहा झाला. बायका छत्रीखाली तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. पिंटूराव माझ्या शेजारी बसले. जरा वेळानं म्हणाले, "दादा, तुम्ही मला त्या ग्रुपमध्ये घेतलंत ना, फार मोठं काम केलंत. दुकानात मी बोलतो ते नळ विकायला. नुसतं बोलायला मला कोणी नव्हतं."

त्यांचाच शर्ट अंगात घालून त्यांच्यावर जळायचं, हे मलाही जड जात होतं. घरी जाईपर्यंत मी जळणं जवळजवळ बंद केलं होतं.

घरी आल्यावर आंघोळ झाली आणि आठवलं, फोन तलावात. 'झालं काय' लिहायचं कसं? माझं सिमपण त्याच्याबरोबर बुडालेलं. शेवटी मेहुणीकडे पडून असलेला जुना फोन आणि दुकानातून आणलेलं माझ्याच नंबरचं नवं सिम, अशी जुळवाजुळव करायला संध्याकाळ झाली. ग्रुप उघडला.

पिंटूरावांनी लिहिलं होतं.

सुरुवातच अशी, 'दादांनी मला लिहायला मनाई केली होती. पण त्यांचा फोन एका जिवासाठी गेला आहे, म्हणून त्यांच्या वतीनं लिहितो.' आणि मग सगळं. कर्नलची लाटणी, उद्यान विभागातले बाबू, गोल फिरणारी होडी. पहिल्या दोन गोष्टी मीच त्यांना परतताना होडीत सांगितल्या होत्या. आणि शेवटी, दादांना गवतात अडकलेलं बदक दिसलं. दादांनी मागचापुढचा विचार केला नाही. दादांनी उडी घेतली. खाली त्यांनी होडीतून टिपलेला फोटो. चिखलात कमरेएवढा मी, दोन्ही हात आभाळाकडे, आणि वर पंख पसरून निघालेलं बदक. मी स्वतः त्या फोटोकडे बघून हळवा झालो. शिवाय, सांगायलाच हवं, वाचताना मी तीन ठिकाणी मोठ्यानं हसलो. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

खाली बाई. 'दहा. पहिल्यांदाच देते आहे. पिंटूराव, असं लिहिणं मी वर्गात कधी वाचलं नाही. बदकासाठी उडी घेणाऱ्या तुमच्या साडूंना माझा नमस्कार.'

मला नमस्कार नको होता हो. मला गुण हवे होते! पाण्यात पडलो मी, फोन गेला माझा, बदकानं मारलं मला, आणि दहा कोणाला? त्याखाली आणखी एक ओळ होती, 'उतरावं पिंटूरावांकडे असं माझं मत होतंय. कोणाची हरकत?' गच्चीवाल्या काकांचा अंगठा वर. डॉक्टरांचा अंगठा वर.

"मी खरं लिहिणार आहे," मी बायकोला म्हटलं.

"अहो, वेडे आहात का? आयते शूरवीर झालायत. गप्प बसा."

"त्यांच्या शब्दांत शूरवीर होण्यापेक्षा माझ्या शब्दांत गाढव झालेलं परवडलं."

बायकोनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसली. जुन्या फोनचा पडदा रुसत होता, अक्षरं एकेक करून उमटत होती. मी लिहिलं, 'मी उडी मारली नाही. स्वतःचा फोटो काढताना घसरलो. बदक मी पाहिलंच नव्हतं. दोरी धरून वर यायला बघत होतो. मला होडी चालवता येत नाही. हा सगळा बेत मी बेटासाठी नाही केला. पिंटूराव पट्टा बदलायला जातात आणि तुम्ही सगळे त्यांची वाट बघता, म्हणून केला. मला त्यांचा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटतो. तुम्ही माझ्या घरी उतरावं असं मला फार वाटतं. बाकी काही नाही.'

बायकोनं वाचलं. या वेळी ती 'हं' म्हणाली नाही. तिनंच बोट पुढे करून ते पाठवून दिलं.

उत्तराची वाट बघत मी दोनदा पाणी प्यायलो. मग बाईंचं आलं. 'नऊ. एक गुण कापला, कारण बदकाची क्षमा मागितली नाहीत. मंडळी, माझं मत बदललं. उतरायचं यांच्याकडे. घसरल्याचं जिथं मोकळेपणी सांगतात तिथं पाहुण्यांना संकोच वाटत नाही.' अंगठे वर, अंगठे वर, अंगठे वर. मी खुर्चीवरून उठलोच. नऊ! आणि सगळे माझ्याकडे! लगोलग बाईंची पुढची ओळ आली, 'पिंटूरावांना मात्र त्या दिवशी नक्की बोलवा हं.' मी परत बसलो.

पण पिंटूराव काहीच लिहीत नव्हते. एरवी त्यांचा अंगठा सगळ्यात आधी वर असायचा. आता मात्र मला भीती वाटायला लागली. ज्या माणसानं अंगातला शर्ट काढून दिला त्याच्याबद्दल मी चारचौघांत काय लिहून बसलो? बायको म्हणाली, "फोन करा." मी म्हटलं, करतो. आणि करायला धीर होईना.

फोन त्यांचाच आला.

"पिंटूराव, हे बघा, मी जरा..."

"दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क कापत होता. "माझा हेवा? तुम्हाला? अहो, लग्न झाल्यापासून सासुरवाडीत मी एकच ऐकतोय, मोठे जावई बँकेत, मोठे जावई बँकेत. मी नळवाला. कोणाला माझा हेवा वाटेल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. खरंच वाटतो?"

"वाटतो," मी म्हटलं.

"फार वाटतो?"

"फार वाटतो हो, पिंटूराव. जेवण जात नाही इतका वाटतो."

"थांबा, थांबा, स्पीकरवर टाकतो. अगं, इकडे ये, ऐक! दादा, परत एकदा म्हणा ना."

मी परत म्हटलं. मेहुणी पलीकडून 'अग्गबाई' म्हणाली. माझ्या बायकोनं डोळे पुसले. माझंही मन भरून आलं, आणि पोटात दुखायचं थांबलं होतं, हे मी अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

"दादा," पिंटूराव शेवटी म्हणाले, "हा आत्ताचा आपला फोन मी ग्रुपवर लिहू का? तुमची हरकत नसेल तरच."

"लिहा की," मी म्हटलं, अगदी मोठ्या मनानं. फोन ठेवला, आणि ते लिहायच्या आत आपलं लिहून व्हावं म्हणून दोन्ही अंगठ्यांनी टाईप करायला बसलो.